नगरपरिषदेचा ठराव आणि सरकारचे विधेयक : गावाचे मत कोठे व कसे नोंदवावे?

आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांची एक जुनी सवय आहे. कायदा विधिमंडळात असतो तेव्हा आपले त्याकडे लक्ष नसते. तो अमलात येऊन दुकानाच्या दारात उभा राहिला म्हणजे आपण निवेदने काढतो, बंद पाळतो, वकिलाकडे जातो. परवाना, बाजार फी, नगरपरिषदेच्या गाळ्याचे भाडे, हातगाडीची जागा, कत्तलखाना, घरपट्टीवरची शास्ती या रोजच्या गोष्टींसाठी आपण नगरपरिषदेच्या खिडकीवर उभे राहतो. परंतु त्यांचे मूळ कायदे मुंबईला आणि हिवाळ्यात नागपूरला ठरतात. मग वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड येथील नगरपरिषदांना किंवा मालेगाव, मानोरा येथील नगरपंचायतींना एखाद्या विधेयकावर मत देता येते काय? दिले तर त्याचा उपयोग होतो काय? आणि आपण तेथपर्यंत कसे पोहोचावे? या तीन प्रश्नांची उत्तरे आम्ही येथे देत आहोत.

हा विषय आताच घेण्याचे कारणही आहे. २०२१ च्या अखेरीपासून राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या घेण्याचा आदेश दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. प्रशासकाच्या काळात ठराव होत होते, पण ते एका अधिकाऱ्याच्या सहीचे होते. गावाने निवडून दिलेले सभागृहच नव्हते, तर गावाचे मत नोंदवणार कोण? आता सभागृह आहे. त्याचा वापर केला नाही तर दोष आपलाच राहील.

ठराव म्हणजे काय आणि काय नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करू. नगरपरिषदेचा ठराव विधेयक अडवू शकत नाही. राज्यघटनेनुसार स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्याच्या सूचीतील विषय आहे. १ जून १९९३ पासून चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली, नगरपरिषदांना घटनेत स्थान मिळाले. तरी कायदा करण्याची सत्ता विधिमंडळाकडेच राहिली. आपल्या नगरपरिषदा चालतात त्या महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्यावर. त्यापूर्वी वऱ्हाडात मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९२२ चा नगरपालिका कायदा होता. म्हणजे नगरपरिषद ही राज्याच्या कायद्यातून जन्मलेली संस्था आहे.

असे असूनही ठरावाला किंमत आहे. दहा दुकानदारांच्या सह्यांचे निवेदन हे दहा माणसांचे मत असते. सभागृहात सूचक व अनुमोदक यांनी मांडलेला, मतास टाकलेला आणि इतिवृत्तात लिहिलेला ठराव हे शहराचे मत असते. त्याला क्रमांक व तारीख असते, मुख्याधिकाऱ्यांना तो वर पाठवावा लागतो आणि आमदार तो सभागृहात हातात धरून बोलू शकतो. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तर 'या शहराने त्या वेळी हरकत घेतली होती' याचा लेखी पुरावाही तोच असतो.

ठराव सभागृहात कसा येतो

मुंबई महापालिकेला विधी समिती आहे. आपल्याकडच्या नगरपरिषदांत स्थायी समिती व बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण वगैरे विषय समित्या असतात. कायद्याचा विचार करणारी वेगळी समिती नसते. म्हणून विधेयकाची माहिती सभागृहात आपोआप येत नाही. ती कोणीतरी आणावी लागते.

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हावी असा नियम आहे. तिची नोटीस पूर्ण सात दिवस आधी द्यावी लागते आणि विषयपत्रिकेवर असलेलेच विषय चर्चेला येतात. निकडीच्या वेळी विशेष सभा बोलावता येते. तिला पूर्ण तीन दिवसांची नोटीस पुरते. नगराध्यक्ष स्वतः विशेष सभा बोलावू शकतात. एकूण सदस्यांपैकी एक चतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली, तर त्यांना ती पंधरा दिवसांच्या आत बोलवावीच लागते. हा एक चतुर्थांशाचा नियम आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावा. सत्ता कोणाचीही असो, चार-सहा नगरसेवकांना विषय पटला तर तो सभागृहात आणता येतो.

ठराव मंजूर झाला म्हणजे मुख्याधिकारी तो जिल्हाधिकारी कार्यालयातील नगरपालिका प्रशासन शाखेमार्फत वर पाठवतात. तेथून तो नगरपरिषद प्रशासन संचालनालयाकडे आणि पुढे मंत्रालयातील नगरविकास विभागाकडे जातो. हा रस्ता लांब आहे. म्हणून ठरावाची एक प्रत या रस्त्याने आणि दुसरी प्रत थेट आमदारांच्या हातात, अशा दोन वाटा धरल्या पाहिजेत.

हद्द ओलांडली तर

१९६५ च्या कायद्याने सभेचे कामकाज नगरपरिषदेच्या अधिकार, कर्तव्ये व कामे यांच्याशी संबंधित विषयांपुरते ठेवले आहे. सत्काराचे, मानपत्राचे व दुखवट्याचे ठराव तेवढे यातून सोडले आहेत. म्हणून 'अमुक कायद्याचा निषेध' असा मोकळा ठराव कच्चा ठरतो. तेच मत 'या विधेयकाच्या अमुक खंडामुळे नगरपरिषदेच्या बाजार फीच्या उत्पन्नावर व परवानाधारकांवर असा परिणाम होतो' असे लिहिले, तर ते नगरपरिषदेच्या कामाचे होते.

हद्दीचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो हे बेळगावने पाहिले आहे. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने शहर महाराष्ट्रात सामील करावे असा ठराव केला. कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. तो प्रश्न सीमेचा होता, राज्य वेगळे होते आणि कायदाही वेगळा होता. तरी सरकार आणि शहर समोरासमोर आले म्हणजे शेवटची सही कोणाची चालते, हे त्यातून कळते.

आपल्याकडे कलम ३०८ आहे. ठराव बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध वाटला, तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. याचे उदाहरण आपल्या शेजारी, अकोला जिल्ह्यातील पातूर येथे घडले. पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होते. नगरपरिषदेत उर्दूचा वापर १९५६ पासून होता. एका सदस्येने हरकत घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये सभागृहाने बहुमताने ठराव करून ती हरकत फेटाळली. प्रकरण कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये ठरावाविरुद्ध आदेश दिला. एप्रिल २०२१ मध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो आदेश रद्द केला. पुढे उच्च न्यायालय झाले, सर्वोच्च न्यायालय झाले.

वाद चालू असतानाच राज्याने महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियम, २०२२ हा कायदा केला. स्थानिक संस्थांचे कामकाज मराठीत व्हावे असे त्यात सांगितले. त्यामुळे प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात आले. अखेर १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मराठीसोबत उर्दूचा वापर करण्यास या कायद्याची मनाई नाही. पातूरची पाटी राहिली.

या प्रकरणातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. सभागृहाने रीतसर, बहुमताने, आपल्या कामकाजाच्या विषयावर केलेला ठराव पाच वर्षांच्या वादात टिकला. दुसरी गोष्ट अशी की, ज्या वेळी २०२२ चे राजभाषा विधेयक विधिमंडळात आले, त्या वेळी राज्यातील बहुतेक नगरपरिषदांची सभागृहे रिकामी होती. 'मराठी अनिवार्य असावी, जोडीला दुसरी भाषा चालेल असे स्पष्ट लिहा' असा एखादा ठराव तेव्हा गेला असता, तर पुढचा खुलासा दिल्लीहून आणण्याची वेळ कदाचित आली नसती.

विधेयकाचा प्रवास : बोलायचे केव्हा?

विधेयकाचा मसुदा संबंधित विभागात तयार होतो. विधी व न्याय विभाग तो तपासतो. मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली म्हणजे तो विधानसभेत किंवा विधान परिषदेत मांडला जातो. छापील विधेयकाला क्रमांक असतो, त्यातील तरतुदींना खंड म्हणतात आणि अखेरीस 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असते. आमचा सल्ला असा की, आधी हे शेवटचे पान वाचावे. सरकारला काय साधायचे आहे ते तेथे साध्या भाषेत सापडते. मग कोणता खंड आपल्या धंद्याला लागतो ते शोधावे.

त्यानंतर खंडवार चर्चा, दुरुस्त्या, दोन्ही सभागृहांची मंजुरी, राज्यपालांची संमती आणि राजपत्र असा क्रम असतो. हे सारे कधी कधी फार झपाट्याने उरकते. २०२५ चे नागपूरचे हिवाळी अधिवेशन ८ ते १४ डिसेंबर असे अवघ्या आठवड्याचे होते. विधेयक सोमवारी मांडले आणि आपली सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात असली, तर ठराव निरुपयोगी होतो. यासाठी मंत्रिमंडळाच्या मान्यतेची बातमी आली त्याच दिवशी कामाला लागावे. विधेयक मांडले जाण्यास बहुधा थोडा अवकाश असतो, आणि विशेष सभेची तीन दिवसांची नोटीस त्यात बसू शकते. अधिवेशन नसताना सरकार अध्यादेशही काढते. पण अध्यादेश कायम ठेवायचा तर त्याचे विधेयक सभागृहात आणावेच लागते. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तसे न झाल्यास तो संपतो. म्हणजे अध्यादेश निघाला तरी बोलण्याची संधी उरलेली असते.

काही विधेयके दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जातात. तेथे संस्था व नागरिक यांच्या सूचना घेतल्या जातात. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक, २०२४ अशा समितीकडे गेले, तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. समितीने काही बदल सुचवले आणि जुलै २०२५ मध्ये ते बदललेल्या रूपात मंजूर झाले. त्या विधेयकाबद्दल मते वेगवेगळी आहेत. आम्ही येथे फक्त पद्धत सांगत आहोत. समितीची मुदत चालू असताना नगरपरिषदेचा ठराव पोहोचला, तर त्याची नोंद होते.

कधी उलटही घडते. महाराष्ट्र प्राणी रक्षण सुधारणा विधेयक विधिमंडळाने १९९५ मध्ये मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती आली फेब्रुवारी २०१५ मध्ये. वीस वर्षांनी बैल व वळूंच्या कत्तलीवरील बंदी अमलात आली आणि खाटीक, चामड्याचे व्यापारी, शिंगे-हाडांचे कारागीर यांच्या हातचे काम गेले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेरून आणलेले मांस बाळगण्यासंबंधीची मनाई रद्द केली. मंजूर विधेयक वीस वर्षे पडून राहू शकते, पण ते मेले असे समजू नये, हा त्याचा धडा. कत्तलखाना हा नगरपरिषदेच्या अखत्यारीतील विषय आहे. कायद्याने ज्या जनावरांना परवानगी आहे त्यांच्यासाठी नीट कत्तलखाना, पाणी व तपासणीची सोय मागणारा ठराव आजही पूर्णपणे हद्दीत बसतो.

जकातीने शिकवलेला हिशेब

ठराव वेळेवर आणि आकड्यांसह असला म्हणजे काय फरक पडतो, हे जकातीच्या इतिहासात दिसते. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात बंद झाली. नाक्यावरची रांग गेली याचा व्यापाऱ्यांना आनंद झाला, आणि तो रास्त होता. पण नगरपरिषदेच्या हातचे रोखीचे उत्पन्न गेले व त्याजागी सरकारी अनुदान आले. तेव्हापासून लहान शहरांना मुंबईहून येणाऱ्या रकमेची वाट पाहावी लागते. रक्कम उशिरा आली की बाजारातला दिवा, नाली आणि रस्ता यांचे काम लांबते. त्याचा त्रास पुन्हा दुकानदारालाच.

महापालिकांत जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला. त्याविरुद्ध २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी मोठे बंद पाळले. १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींखालील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. मुंबईची जकात मात्र २०१७ पर्यंत चालू होती. वस्तू व सेवा कर येणार हे ठरले, तेव्हा महापालिकेतील सत्ताधारी पक्षाने विधेयक मंजूर होण्यापूर्वीच भरपाईची मागणी लावून धरली. मे २०१७ च्या विशेष अधिवेशनात स्थानिक संस्थांच्या भरपाईचा स्वतंत्र कायदा झाला. २०१६-१७ चे उत्पन्न पाया धरून दरवर्षी आठ टक्के वाढ, हे कायद्यातच लिहिले गेले. ५ जुलै २०१७ रोजी ६४७ कोटी ३४ लाखांचा पहिला धनादेश महापौरांच्या हाती आला.

मुंबईचे वजन वेगळे आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. वाशीम जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत घातला गेला. आपली शहरे धमकी देऊ शकत नाहीत. पण आकडा मांडण्यास मोठे शहर लागत नाही. एखाद्या विधेयकाने किती परवानाधारकांवर परिणाम होईल, बाजार फीचे किती रुपये जातील, किती हातगाड्या हटतील, हे नगरपरिषदेच्या नोंदवह्यांतून काढता येते.

दुकानांच्या पाट्यांचे उदाहरण याच्या उलट आहे. मार्च २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असे ठरले. मुंबईतील व्यापारी न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या लावण्यास सांगितले. वकिलांवर झालेल्या खर्चात पाट्या रंगवून झाल्या असत्या. मुदत किंवा खर्चाची सवलत मागायची होती, तर तिची जागा विधेयकाच्या चर्चेत होती.

परदेशातील एक पद्धत

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराचा नियम येथे पाहण्यासारखा आहे. राज्याच्या किंवा केंद्राच्या विधेयकावर शहराची अधिकृत भूमिका घ्यायची तर नगर सभागृहाने ठराव केला पाहिजे आणि महापौरांनी सहमती दिली पाहिजे. त्यापूर्वी शहराच्या नोकरीतील विश्लेषक विधेयकाचा अभ्यास करून अहवाल देतात. ठराव पाठिंब्याचा, विरोधाचा किंवा 'दुरुस्ती केल्यास पाठिंबा' असा असू शकतो. हा तिसरा प्रकार आम्हाला विशेष उपयोगी वाटतो. आपल्याकडे विरोध किंवा स्वागत एवढेच दोन शब्द वापरात आहेत. सरकारला मात्र दुरुस्तीची ओळ हातात मिळाली तर ती स्वीकारणे सोपे जाते.

आपण काय करावे

प्रत्येक शहरातील व्यापारी संघ व कारागीर जमातींनी दोन-तीन वाचणारी माणसे नेमावीत. अधिवेशनाच्या आधी व अधिवेशनात कोणती विधेयके येत आहेत, एवढेच त्यांनी पाहावे. आपल्या धंद्याला लागणारा खंड सापडला की नगरसेवकाकडे जावे. जाताना ठरावाचा मसुदा तयार असावा. तो साधारण असा असावा :

'सन ____ चे विधानसभा विधेयक क्रमांक ____ यातील खंड ____ मुळे या नगरपरिषदेच्या हद्दीतील ____ परवानाधारकांवर व नगरपरिषदेच्या ____ रुपये उत्पन्नावर परिणाम होत आहे. सबब ही सभा शासनास विनंती करते की, सदर खंडात ____ अशी दुरुस्ती करावी. ठरावाची प्रत जिल्हाधिकारी, नगरविकास विभाग व जिल्ह्यातील विधिमंडळ सदस्यांना पाठवावी.'

ठराव सर्वानुमते होईल असे पाहावे. एका समाजाची मागणी म्हणून आलेला विषय बहुमतात अडकतो; बाजारपेठेची मागणी म्हणून आला तर किराणा दुकानदार, सराफ, शिंपी, खाटीक सगळे त्यामागे उभे राहतात.

प्रत कोणाला द्यावी? जिल्ह्यातून वाशीम, रिसोड व कारंजा हे तीन आमदार विधानसभेत जातात. याखेरीज आपल्या नगरसेवकांच्या हातात एक मत आहे ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक संस्थांच्या सदस्यांनी निवडायच्या असतात. अकोला, वाशीम व बुलडाणा मिळून असा एक मतदारसंघ आहे. तेथे सामान्य नागरिक मत देत नाही, नगरसेवक देतो. ज्याच्या मतावर आमदार निवडून येतो त्याचा ठराव त्या आमदाराला बाजूला ठेवता येत नाही.

फेरीवाल्यांसाठी आणखी एक जागा आहे. २०१४ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती सांगितली असून तिच्यात ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असावेत असे म्हटले आहे. हातगाडीसंबंधीचे मत आधी तेथे नोंदवून मग सभागृहात न्यावे.

ठराव झाल्यावर काम संपत नाही. इतिवृत्ताची प्रत मागावी. तो वर केव्हा गेला, जावक क्रमांक काय, हे विचारावे. उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जावर ते मिळवावे. कपाटात राहिलेला ठराव न केल्यासारखाच आहे.

पुढचे अधिवेशन केव्हा आहे ते आजच पाहून ठेवावे आणि त्याआधी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एकदा भेटून विचारावे की, या वेळी कोणते विधेयक येत आहे. त्यांना माहीत नसेल, तर माहिती आपणच त्यांच्याकडे न्यावी.